मुलाखतीला जाताना आपलं गाव लपवू नका

(मंडळाच्या नोकरी मार्गदर्शन वर्गात पदवीच्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते वाणिज्य शाखेचे पदवीधर असून बेळगाव भागात बँकेत लिपिक आहेत.)



मी साहेब नाही, लिपिक आहे. कोणाची निवड करणाऱ्या समितीवर मी कधी बसलेलो नाही. पण गेली पंधरा-सोळा वर्षं बँकेच्या काउंटरवर बसतो आहे आणि काही वर्षांपासून दर रविवारी आपल्या मुलांच्या सराव मुलाखती घेतो आहे. काउंटरवर रोज शे-दीडशे माणसं समोर येतात. समोरचा माणूस काय बोलतो, किती बोलतो, कागद नीट आणले आहेत की नाही, चिडतो की समजून घेतो, हे दोन मिनिटांत कळतं. मुलाखत घेणाऱ्यांनाही तसंच कळतं. ती मंडळी काही जादूगार नसतात. त्यामुळे आज मी पुस्तकातलं कमी आणि आपल्याकडचं जास्त सांगणार आहे.

सुरुवातीला एक गोष्ट स्पष्ट करू. मुलाखत कुठे आहे आणि कुठे नाही, हेच आपल्या पुष्कळ मुलांना माहीत नसतं. १५ ऑगस्ट २०१५ च्या भाषणात पंतप्रधानांनी खालच्या श्रेणीच्या नोकऱ्यांसाठी मुलाखती बंद करण्याचं आवाहन केलं आणि १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारच्या गट क आणि अराजपत्रित गट ब पदांच्या मुलाखती बंद झाल्या. बँकेतल्या लिपिकाच्या मुलाखतीही त्याच वर्षीच्या भरतीपासून गेल्या. मी लागलो तेव्हा लिपिकालाही मुलाखत द्यावी लागत होती, आता नाही. तरीही आजसुद्धा पालक मला विचारतात, "लेखी पास झालाय हो, आता आत कोणाला भेटायचं?" कोणालाच भेटायचं नाही! जिथे मुलाखतच नाही, तिथे "मुलाखतीत पास करून देतो" म्हणून पैसे मागणारा माणूस शुद्ध लबाड आहे. आणि जिथे मुलाखत आहे, तिथेही पैसे मागणारा लबाडच आहे. हे आधी घरी जाऊन सांगा. जमीन गहाण टाकून, आईच्या पाटल्या मोडून असे पैसे दिलेली घरं आपल्या भागात आहेत, आणि बदनामी नको म्हणून ती गप्प बसलेली आहेत.

मग मुलाखत कुठे आहे? बँकेच्या अधिकारी पदाला, म्हणजे पीओला आहे. आयबीपीएसच्या पीओ भरतीत मुलाखत १०० गुणांची असते. त्यात खुल्या प्रवर्गाला किमान ४० टक्के आणि राखीव प्रवर्गाला ३५ टक्के मिळवावे लागतात. अंतिम यादीत मुख्य परीक्षेला ८० टक्के आणि मुलाखतीला २० टक्के वजन असतं. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत २०२५ पैकी २७५ गुण मुलाखतीचे आहेत. खाजगी क्षेत्रात तर सगळीकडेच मुलाखत आहे. उद्यमबागेतली फौंड्री असो, हत्तरगीचा विमानाचे सुटे भाग बनवणारा कारखाना असो, गोव्यातली औषध कंपनी असो की पुण्यातलं आयटी ऑफिस. म्हणजे आकडा पाहिला तर लेखी परीक्षा हीच मोठी. पण लेखीत पाच-सहाशे मुलं एका-अर्ध्या गुणाच्या अंतरात उभी असतात. तिथे मुलाखतीचे चार गुण यादीतली जागा बदलतात.

आता तयारीकडे येतो.

मुलाखतीचा खरा अभ्यासक्रम म्हणजे तुम्ही भरलेला अर्ज. तुमचं नाव, आडनाव, गाव, शाळेचं माध्यम, वडिलांचा व्यवसाय, पदवीचे विषय, मधे गेलेलं एखादं वर्ष, लिहिलेला छंद, यातली प्रत्येक ओळ म्हणजे एक प्रश्न आहे. अर्जाची एक प्रत काढा, समोर वही घ्या आणि प्रत्येक ओळीपुढे स्वतःच तीन-तीन प्रश्न लिहा. छंद म्हणून 'वाचन' लिहिलं असेल तर शेवटचं पुस्तक कोणतं आणि त्यात काय आवडलं, हे सांगता आलं पाहिजे. नाही तर तो छंद लिहूच नका. कबड्डी खेळत असाल तर कबड्डी लिहा. तालमीत जात असाल तर तालीम लिहा. गणेशोत्सव मंडळाचा हिशेब ठेवत असाल, तर बँकेच्या मुलाखतीला त्याहून चांगली गोष्ट कोणती? वर्गणी किती जमली, पावतीपुस्तकं कशी जुळवली, शिल्लक कुठे ठेवली हे सांगणारा मुलगा बँकेला हवाच असतो.

इथे आपली एक सवय मोडायला पाहिजे. सराव मुलाखतीत खानापूर तालुक्यातली एक मुलगी आली होती. हुशार, पदवीला पहिला वर्ग. "वडील काय करतात?" म्हणून विचारलं, तर म्हणाली, "काही नाही, शेती करतात." हे 'काही नाही' आपल्या अर्ध्या मुलांच्या तोंडी असतं. काही नाही, फौंड्रीत मोल्डर आहेत. काही नाही, भाजीचा गाळा आहे. मुलांनो, अहो, त्या 'काही नाही'वर तुमचं बी.कॉम. झालंय!

मी तिला म्हटलं, वडिलांकडून शेतीचा हिशेब समजून घे आणि पुढच्या रविवारी ये. ती आली ती भात, काजू, मजुरी, खत, सोसायटीचं कर्ज, सगळं लिहून घेऊन आली. मग आम्ही त्याला बँकेची माहिती जोडली. किसान क्रेडिट कार्ड म्हणजे काय, बँकेचं अल्पमुदतीचं पीककर्ज ७ टक्क्यांनी मिळतं आणि वेळेवर फेडलं की सवलतीमुळे ३ लाखांपर्यंत ते ४ टक्क्यांना पडतं. कर्नाटकात सहकारी सोसायटीतून शून्य टक्के व्याजाचं पीककर्ज मिळतं, मग शेतकरी बँकेकडे का येईल? पीक गेलं तर कर्जाचं काय होतं? एका 'शेती' या शब्दातून दहा प्रश्नांची तयारी झाली. आणि ती माहिती तिच्या घरातली होती, त्यामुळे बोलताना आवाज कापला नाही. फौंड्रीतल्या कामगाराच्या मुलाने हेच करावं. कारखान्याला कच्चा माल आणायला पैसे कधी लागतात, माल विकल्यावर ते कधी परत येतात, मधल्या दिवसांसाठी बँक जे कर्ज देते त्याला खेळतं भांडवल का म्हणतात, हे वडिलांना आणि त्यांच्या शेठना विचारून या. वर्किंग कॅपिटलचं प्रकरण तुम्ही पाठ केलंच आहे, आता ते उद्यमबागेत जाऊन बघा.

दुसरी गोष्ट आपल्या विषयाची. वाणिज्य शाखेच्या मुलांना समिती फार अवघड विचारत नाही. सोपंच विचारते, आणि तिथेच अडचण येते. "ग्राहकाने खात्यात दहा हजार भरले. बँकेच्या दृष्टीने ते काय, मालमत्ता की देणं?" निम्मी मुलं मालमत्ता म्हणतात. पैसे बँकेत आले ना! पण ठेव हे बँकेचं देणं आहे. ते पैसे ग्राहकाला परत द्यायचे आहेत. कर्ज ही बँकेची मालमत्ता, कारण ते परत यायचं आहे. घेणारा नावे, देणारा जमा, हा नियम आपले आजोबा रोजमेळ लिहिताना वापरत होते. तो समजला की पासबुकात 'जमा' का लिहितात हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

याच पद्धतीने दहा-पंधरा मूळ गोष्टी पक्क्या करा. व्याज किंवा हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की कर्ज अनुत्पादक, म्हणजे एनपीए होतं. ठेवीला विमा किती? ४ फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत. त्याआधी १९९३ पासून तो १ लाख होता. मग पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा आहे का? नाही. आपल्या भागात गल्लोगल्ली पतसंस्था आहेत आणि काही बुडाल्याही आहेत. पुष्कळ घरांनी ते सोसलं आहे. त्यामुळे हा प्रश्न तुम्हाला विचारला, तर पुस्तकातल्या व्याख्येबरोबर माणसं पतसंस्थेकडे का जातात हेही सांगा. जास्त व्याज, दारात येणारा पिग्मी एजंट, ओळखीचा संचालक. असं उत्तर पुण्या-मुंबईच्या क्लासमध्ये शिकवत नाहीत.

कर्नाटकातल्या उमेदवाराला बँकांचा इतिहासही विचारतात. आपलं राज्य ही बँकांची जन्मभूमी आहे. कॅनरा बँक १९०६ ची, कॉर्पोरेशन बँकही १९०६ ची, सिंडिकेट १९२५ ची, विजया १९३१ ची. सगळ्या किनारपट्टीवर जन्मल्या. विजया बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात गेली. सिंडिकेट बँक कॅनरात आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत १ एप्रिल २०२० ला विलीन झाली. त्या दिवसापासून सरकारी बँका १२ राहिल्या. हे पाच ओळींत सांगता आलं तर समितीला कळतं की या मुलाने ज्या घरात यायचं आहे, त्या घराची चौकशी केली आहे.

आता भाषेबद्दल. इथे थोडं मोकळं बोलतो, कोणाला टोचलं तर माफ करा.

आपली मुलं मराठी माध्यमात शिकतात. त्याचा मला अभिमान आहे, माझीही मुलं मराठी शाळेतच गेली. पण इंग्रजी आलं की आपली मुलं गप्प होतात आणि कन्नड आलं की मान फिरवतात. इंग्रजीचं आधी सांगतो. मुलाखतीला लागणारं इंग्रजी म्हणजे भाषण नव्हे. छोटी वाक्यं, एका वाक्यात एक गोष्ट. रोज सकाळी वर्तमानपत्रातली एक बातमी मोठ्याने वाचा आणि पेपर बंद करून तीच बातमी आपल्या चार वाक्यांत सांगा. मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि ऐका. पहिल्या दिवशी स्वतःचा आवाज नकोसा वाटेल. तीन आठवड्यांनी वाटणार नाही. बँकेच्या पीओ मुलाखतीत हिंदीतही उत्तरं देता येतात. इंग्रजीत अडलात तर नम्रपणे "सर, हे हिंदीत सांगू का?" असं विचारावं, त्यात कमीपणा नाही. नागरी सेवा परीक्षेत तर मराठीतून मुख्य परीक्षा देणाऱ्याला मुलाखतही मराठीतून देता येते. ही सोय आपली आहे, ती माहीत असू द्या.

आता कन्नड. लिपिक भरतीला, ज्यांना हल्ली कस्टमर सर्व्हिस असोसिएट म्हणतात, ज्या राज्यातून अर्ज केला त्या राज्याची राजभाषा लिहिता, वाचता आणि बोलता यावी लागते. स्टेट बँकेसारख्या भरतीत दहावी-बारावीच्या गुणपत्रकात ती भाषा असेल तर चाचणीतून सूट मिळते, नाही तर चाचणी द्यावी लागते आणि तिथे नापास झालेल्याला नेमणूक मिळत नाही. लेखी पास झालेली आपली पोरं या एका ठिकाणी गळतात. मग घरी येऊन सांगतात, "मराठी म्हणून घेतलं नाही." काही ठिकाणी मराठी म्हणून दुजाभाव होतो, हे मी नाकारत नाही. इथे बसलेल्या प्रत्येकाला त्याचा अनुभव आहे. पण जिथे नियम आधीच जाहिरातीत छापला होता आणि आपण तयारी केली नव्हती, तिथला दोष दुजाभावाच्या खात्यावर टाकू नये. असं केलं की जिथे खरोखर अन्याय होतो, तिथली आपली तक्रारही कोणी खरी मानत नाही.

कन्नड शिकणं म्हणजे मराठी सोडणं नव्हे. सक्तीला विरोध ही एक गोष्ट आणि भाषा येणं ही दुसरी गोष्ट. आपल्या आधीच्या पिढीतले किती तरी व्यापारी, वकील, डॉक्टर दोन्ही भाषा घरच्यासारख्या बोलत होते आणि सत्याग्रहात पहिल्या रांगेतही होते. माझ्या काउंटरवर बैलहोंगलकडचा म्हातारा शेतकरी येतो, त्याला मी "बर्री, कुंद्री" म्हणतो. सांबऱ्याची आजी येते, तिला "या मावशी, बसा" म्हणतो. दोघांचं पेन्शन सारखंच, दोघांचा अंगठा सारखाच. त्या म्हाताऱ्याशी त्याच्या भाषेत बोललो म्हणून माझी मराठी एका अक्षरानेही कमी झाली नाही. आणि माझ्या बाजूला बसणाऱ्या कन्नड मित्राने मावशीशी मराठीत बोलावं, असं म्हणायचा हक्क मला त्यामुळेच मिळतो.

यानंतरचा प्रश्न आपल्या मुलांना हमखास पडतो. अर्जावर बेळगाव दिसलं की समितीतला एखादा सदस्य विचारतोच, "सीमाप्रश्नाबद्दल तुमचं काय मत आहे?" मुलं दोन चुका करतात. एक तर घाबरून "मला काही माहीत नाही" म्हणतात. बेळगावच्या पदवीधराला बेळगावचा प्रश्न माहीत नाही, यावर कोण विश्वास ठेवील? दुसरी चूक म्हणजे सभेत बोलल्यासारखं बोलायला लागतात. मुलाखतीची खोली ही सभा नाही.

आधी घटना क्रमाने माहीत हव्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली आणि तेव्हाच्या मुंबई राज्यातलं बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला, १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला, तो महाराष्ट्राने मान्य केला नाही. महाराष्ट्राचा दावा ८६५ गावांवर आहे. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, त्याचा अंतिम निकाल अजून लागलेला नाही. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं. हे सगळं एका मिनिटात, आवाज न चढवता सांगता आलं पाहिजे. मग मत विचारलं तर मतही सांगा, एका वाक्यात. "माझी मातृभाषा मराठी आहे आणि भाषिक अल्पसंख्याकांना घटनेने दिलेले हक्क मिळावेत असं मला वाटतं. प्रश्न न्यायालयात आहे, निकाल येईल तो सर्वांना मानावा लागेल. नोकरीत मात्र माझ्यासमोर येणारा ग्राहक कोणत्या भाषेचा आहे यावरून माझं काम बदलणार नाही." असं काहीतरी, पण तुमच्या शब्दांत. माझं वाक्य पाठ करू नका. समितीला तुमचं राजकारण तपासायचं नसतं. अडचणीचा प्रश्न आला की हा माणूस तोल ठेवतो का, एवढं तिला पाहायचं असतं. उद्या काउंटरवर कोणी ओरडायला लागला तर याचं काय होईल, हा त्यांचा हिशेब असतो.

आणि बेळगाव म्हणजे काही फक्त सीमाप्रश्न नाही. १९२४ च्या डिसेंबरात इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन. इथलं सार्वजनिक वाचनालय १८४८ चं आहे. मलप्रभा खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते. आपला किल्ला, आपला कुंदा, आपल्या फौंड्र्या, आपली लष्करी छावणी, हे सगळं माहीत असलं पाहिजे. गाव विचारल्यावर ज्याचा चेहरा उजळतो, त्याची मुलाखत चांगली होते. गाव लपवणाऱ्याचा प्रत्येक शब्द चाचरतो.

आता एक गंभीर विषय. आंदोलनाच्या वेळी, एक नोव्हेंबरच्या फेरीच्या वेळी आपल्या काही मुलांवर गुन्हे दाखल होतात. नेमणुकीच्या आधी जो साक्षांकन नमुना भरून घेतात, त्यात विचारलेलं असतं की तुम्हाला कधी अटक झाली का, तुमच्यावर खटला होता का, चालू आहे का. भीतीने मुलं 'नाही' लिहितात. पुढे पोलीस पडताळणीत ते उघड होतं आणि मिळालेली नोकरी जाते. ती आंदोलनासाठी जात नाही, खोटं लिहिल्यासाठी जाते.

सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग यांच्या खटल्यात या विषयावर मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. माहिती खरी असली पाहिजे, ही त्यातली पहिली गोष्ट. लहान वयात घोषणा देण्यासारखा किरकोळ गुन्हा लपवला गेला असेल, तर मालक आपल्या अधिकारात तिकडे दुर्लक्ष करू शकतो, असाही उल्लेख त्यात आहे. पण हे लक्षात घ्या की तो मालकाचा अधिकार आहे, आपला हक्क नाही. आणि खरी माहिती दिली तरी नेमणूक मिळेलच अशी हमी त्यात नाही, मालक तुमची पार्श्वभूमी तपासून ठरवतो. म्हणून ज्यांच्यावर गुन्हा असेल त्यांनी आधी वकिलाला भेटून एफआयआरची आणि निकालाची नक्कल काढावी, खटला कुठल्या टप्प्यावर आहे ते लिहून ठेवावं आणि नमुन्यात जे खरं आहे तेच लिहावं. कार्यकर्त्यांनाही माझी विनंती आहे. मुलांना फेरीत पुढे उभं करताना त्यांच्या खटल्याची जबाबदारीही मंडळाने घ्यावी. तारखेला त्यांच्याबरोबर कोर्टात उभं राहावं. पंचवीस वर्षांच्या मुलाच्या नोकरीची किंमत देऊन आपली चळवळ मोठी होणार नाही.

महाराष्ट्रातल्या नोकरीबद्दलही सांगायला हवं, कारण हा आपला हक्क असून पुष्कळांना माहीत नाही. महाराष्ट्र शासनाने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिक उमेदवारांना महाराष्ट्राच्या शासकीय भरतीत अर्ज करता येतो. त्यासाठी १५ वर्षांच्या वास्तव्याचा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागतो. त्याचा नमुना १० जुलै २००८ च्या परिपत्रकाबरोबर दिलेला आहे. हा दाखला अर्जाची शेवटची तारीख जवळ आल्यावर काढायला गेलात तर मिळणार नाही. पदवीच्या दुसऱ्या वर्षातच त्याच्या मागे लागा. रेशनकार्ड, शाळेचे दाखले, घरपट्टीच्या पावत्या जपून ठेवा.

कागदांचं म्हणाल तर आपल्या भागात नावाची एक वेगळीच भानगड असते. आधारवर एक स्पेलिंग, दहावीच्या गुणपत्रकावर दुसरं, कन्नडमध्ये लिहिलेल्या जन्मदाखल्यावर तिसरंच. मुलाखतीच्या दिवशी कागद तपासणारा माणूस समितीच्या आधी भेटतो. त्याच्या टेबलावर अडलात तर आतला सगळा अभ्यास वाया. दहावीचं गुणपत्रक आधार धरा आणि बाकीचे कागद त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. केंद्राच्या भरतीला जातीचा दाखला केंद्राच्याच नमुन्यात लागतो आणि नॉन क्रीमी लेयरची तारीख जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे लागते. मूळ कागद एका फाईलमध्ये, झेरॉक्स दुसरीत, क्रमाने. ज्याची फाईल नीट, त्याचं मन निम्मं शांत असतं.

प्रत्यक्ष खोलीतल्या दहा-वीस मिनिटांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण हे तुम्ही इतरत्रही ऐकलेलं आहे. कपडे स्वच्छ आणि अंगाला सवय असलेले असावेत, उधारीचा कोट नको. परीक्षेचं शहर हुबळी किंवा बंगळूर असेल तर आदल्या दिवशी पोचा, पहाटेच्या बसवर भरवसा नको. मुलाखत ऑनलाईन असेल तर मागे भिंत, समोर उजेड आणि घरच्यांना अर्धा तास कुकर न लावण्याची विनंती! प्रश्न पूर्ण ऐका. एक श्वास घ्या, मग बोला. ज्याने प्रश्न विचारला त्याच्याकडे पाहून सुरुवात करा. येत नसेल तर "सर, हे मला माहीत नाही" असं सरळ सांगा. समितीसमोर अंदाज ठोकणारा मुलगा उद्या रोकड मोजतानाही अंदाज ठोकील, असंच त्यांना वाटणार.

"इथे नोकरी का हवी?" हा प्रश्न शेवटी येतोच. "समाजसेवा करायची आहे" असं सांगू नका, कोणाला पटत नाही. सरकारी नोकरीत स्थैर्य आहे, घरची जबाबदारी आहे, हे सांगायला लाजायचं कारण नाही. त्याला कामाची एक बाजू जोडा. माणसांशी बोलायला आवडतं, हिशेब जुळला की समाधान वाटतं, खेड्यात बदली झाली तरी चालेल. खेड्यात बदली चालेल म्हणालात तर ती खरोखर चालली पाहिजे. पहिल्याच वर्षी बदलीसाठी अर्ज करणारे फार आहेत.

पालकांना दोनच गोष्टी सांगतो. मुलाखतीहून घरी आल्यावर "किती मार्क पडतील?" विचारू नका, जेवायला वाढा. आणि दुसरी गोष्ट म्हणजे मुलासमोर "वशिल्याशिवाय काही होत नाही" असं बोलू नका. वशिला कुठेच चालत नाही असं मी म्हणत नाही. पण हे वाक्य रोज ऐकणारा मुलगा अभ्यासाला बसताना अर्धाच बसतो.

मित्रहो, आपल्या भागातली मुलं पुण्याला, गोव्याला, बंगळूरला जातात आणि तिथेच स्थिरावतात. जाणाऱ्याला अडवायचं नाही. पण इथल्या बँकांत, पोस्टात, रेल्वेत, कचेऱ्यांत मराठी माणूस खुर्चीवर बसलेला दिसला पाहिजे. मराठीत अर्ज घेऊन आलेल्या म्हातारीला काउंटरवर तिच्या भाषेत बोलणारा कोणी तरी भेटला पाहिजे. भाषेचा हक्क मोर्चातून मागता येतो, पण रोजच्या रोज तो काउंटरवरच मिळतो. त्या खुर्चीपर्यंत जायचा रस्ता लेखी परीक्षेतून, भाषेच्या चाचणीतून आणि मुलाखतीच्या खोलीतून जातो. तिथे कोणी आपल्याला उचलून नेणार नाही.

सराव मुलाखती दर रविवारी सकाळी दहाला मंडळाच्या कार्यालयात असतात, फी नाही. येताना भरलेल्या अर्जाची प्रत आणा आणि त्यावर स्वतः काढलेले निदान वीस प्रश्न आणा. प्रश्न न आणणाऱ्याला परत पाठवतो, हे आधीच सांगून ठेवतो. सीमाप्रश्नाचं उत्तर मात्र प्रत्येकाला पहिल्याच रविवारी उभं राहून द्यावं लागेल, आणि जमलं तर दुसऱ्या रविवारी कन्नडमध्येही.

जय महाराष्ट्र.